राखाडी लोकर

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. थंडी वाढली. न्हाणीघरातला नळ गळतो, फडकं बांधून ठेवलं. सासूबाईंनी सकाळी अंडं खाल्लं नाही, दुपारी मागून घेतलं. नणंदेचा निरोप आला: रविवारी सगळे येणार, सासूबाईंचं काय ते ठरवायला. मुलगाही येतो आहे. बाजारातून लोकर आणली. राखाडी. आधीच्या दुकानात नुसती निळी होती, ती घेतली नाही.

एवढं लिहून बायंडरणीने पेनाला टोपण लावलं आणि लोकरीचं पुडकं कपाटात, घडीच्या चादरींमागे, चोरून आणलेला खाऊ ठेवावा तसं ठेवलं. तिला काही विणायचं नव्हतं. विणणं तिला येतच नाही. ती लोकर तिला फक्त एकदा, रविवारी, चारचौघांसमोर सासूबाईंच्या हातांत घालायची होती, आणि आपल्या मुलाने ते दारात उभं राहून पाहायला हवं होतं. बस्स, एवढंच. मुलगा सात वर्षांचा होता तेव्हाचा हा हिशेब. मधल्या काळात संसार झाला, दुखणीखुपणी झाली, नवरा गेला, पण हिशेब जागचा हलला नव्हता.

बायंडरीण हे तिचं छापखान्यातलं नाव. चौथ्या वर्षी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. आईवडिलांनी तिला सिस्टरांनी चालवलेल्या बहिऱ्या मुलींच्या शाळेत ठेवलं. वर्गात ओठ वाचायचे, घशातून शब्द ओढून काढायचे आणि हात बाकाखाली ठेवायचे. झोपायच्या खोलीत मात्र दिवे जाईपर्यंत नुसता हातांचा गलका. थोरल्या सिस्टर प्रत्येक मुलीकडून रोज दिवसाच्या चार ओळी लिहून घेत. "जे झालं ते लिहा," त्या म्हणत. "कसं वाटलं ते देवाला ठाऊक आहे, त्यासाठी शाई खर्च करू नका." ही सवय तिला जन्मभर पुरली. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने लिहिलं होतं, नवे बूट चावले.

छापखान्यात तिचं राज्य होतं. यंत्रं सुरू झाली की तिथे सगळेच बहिरे. अक्षरं जुळवणारे, कागद लावणारे, यंत्रावरचे, सगळे खाणाखुणांनी बोलायचे, आणि त्या बोलण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. छापलेले कागद दुमडायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा, आणि हे सगळं करता करता पार पलीकडच्या यंत्रवाल्याला हातानेच सुनवायचं, शाई जास्त झाली आहे लाडोबा, पानं वाचायची की चाटायची? यंत्रवाला हसून हसून बेजार व्हायचा. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं.

तो हातांचा फार बोलका माणूस होता. आईसमोर मात्र मुका.

सासूबाई टापटिपीच्या. त्यांच्या घरात चमच्यात तोंड दिसायला हवं आणि चारचौघांत कोणाचं तोंड वेडंवाकडं दिसायला नको. पहिल्याच आठवड्यात, शेजारीण बसलेली असताना, सून नवऱ्याला हाताने काहीतरी गमतीचं सांगत होती. सासूबाई उठल्या, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिले. मग ओठ सावकाश हलवून, तिला नीट वाचता यावं म्हणून, म्हणाल्या, "लोकांसमोर हात नाचवायचे नाहीत. माकडाचा खेळ वाटतो."

त्या दिवसानंतर लोकर निघाली. पाहुण्यांची चाहूल लागली की सासूबाई कपाटातून लोकरीची लड काढायच्या, सुनेला खुर्चीत बसवायच्या, तिचे दोन्ही हात पुढे करायला लावून मनगटांवर लड चढवायच्या आणि समोर बसून गुंडा गुंडाळायला लागायच्या. लड धरणाऱ्याने हात हलवायचे नाहीत. मानही वळवायची नाही, नाहीतर धागा अडकतो. म्हणजे हात गेले आणि डोळेही गेले. खुर्ची अशी ठेवलेली असायची की पाहुणे तिच्या पाठीमागे यावेत. पाहुण्या म्हणत, सासूसुनेचं काय गूळपीठ आहे! पाहुणे गेले की सासूबाई गुंडा उलगडून खुर्चीच्या पाठीवर पुन्हा लड करून ठेवायच्या, पुढच्या खेपेसाठी. वर्षानुवर्षं तीच लोकर. तिचा स्वेटर काही कधी झाला नाही.

मुलगा झाला. त्याच्या गालाला खळी पडायची, म्हणून आईने त्याला हाताचं नाव दिलं, गालावर एक बोट टेकवायचं. दुधाची बाटली तोंडात असतानाही तो हातांनी बडबडायचा. तोंडाने मात्र उशिरा बोलू लागला, आणि बोलायचा ते थोडं आपल्या आईसारखं, नाकातून. सासूबाईंना ते खुपलं. एका रविवारी दीर आणि जाऊ परगावाहून आले, नणंद आली. लोकर निघाली. बायंडरीण खुर्चीत बसली, हात पुढे केले. पाठीमागे काहीतरी लांबलचक बोलणं चाललं होतं, एवढं तिला पायाखालच्या फळीतून कळत होतं. दीर बोलताना पाय आपटायचा. समोर सासूबाई गुंडाळत होत्या आणि अधूनमधून तिच्याकडे बघून हसत होत्या. समोरचा हसला की आपणही हसायचं, ही बहिऱ्या माणसाची जुनी खोड. तीही हसली. तिने भुवया उंचावून विचारलं, काय चाललंय? सासूबाईंनी हवेत हात थोपटला. नंतर, नंतर सांगते. त्या घरात तिच्या वाट्याला जगातल्या सगळ्या बातम्या त्या थोपटलेल्या हातातूनच आल्या.

लोकर संपल्यावर सासूबाईंनी तिच्या गालावर हात फिरवला आणि स्वतः चहा करून दिला. आज कसं काय, म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बॅग. मुलाचे कपडे त्यात. दीर त्याचा हात धरून उभा. मुलाने नीट बोलायला शिकावं म्हणून तो काकाकडे राहणार होता, हे आदल्या दिवशी लोकर गुंडाळली जात असतानाच ठरलं होतं. नवरा खाली बघत हाताने म्हणाला, एकच वर्ष. तेव्हा तिने आवाज काढला. तो आवाज कसा होता तिला माहीत नाही, पण मुलाने दोन्ही कान झाकले एवढं तिने पाहिलं. सासूबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, आणि हे ओठ तिला स्वच्छ वाचता आले, "बघा. पोर घाबरतं तिला."

त्या दिवसापासून तिने आवाज काढलेला नाही.

एका वर्षाची नऊ वर्षं झाली. सुट्टीत मुलगा यायचा तेव्हा त्याचे हात खिशात असायचे. उत्तम बोलायचा म्हणे. मोठा झाला, बसच्या आगारात वेळापत्रकं लावायच्या कामाला लागला, सणवार टाळून आईला कधीमधी भेटायला येऊ लागला, आणि आला की मोबाइलवर लिहून विचारायचा, औषधं आहेत ना? गॅस आहे ना? नवरा वारला त्या आठवड्यात मात्र त्याने न विचारताच लिहिलं होतं, तू तेव्हा नाही म्हणाली असतीस तर मी गेलो नसतो. मी दारात उभा होतो आई. सगळे माझं ठरवत होते आणि तू लोकर धरून हसत होतीस. आजी नेहमी सांगते, तुझी आई तिथेच बसली होती, तिने नाही म्हटलं नाही.

ती उत्तर लिहायला लागली तोवर त्याने मोबाइल खिशात टाकला.

लिहून सांगता आलं असतं. तिचं अक्षर सुरेख आहे. पण मग त्याने आजीला विचारलं असतं, आणि आजी म्हणाली असती, अगं बाई, इतक्या वर्षांनी आठवलं होय हिला? त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं शाईने खोडून निघत नाही.

मग सासूबाईंचे कान गेले.

आधी त्यांनी ते जगावर ढकललं. सगळे पुटपुटायला लागलेत. टीव्हीवाले पुटपुटतात, भाजीवाला पुटपुटतो, फोन पुटपुटतो. डॉक्टरने यंत्र दिलं. "कानात माशी बसवली मेल्याने," म्हणून ते खणात गेलं, तिथेच राहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे लिहिलेलं दिसत नाही. भेटायला येणारे आधी ओरडून बोलायचे, मग थोडं बोलायचे, मग नुसते हसायचे. घरात दाराची घंटा वाजली की एक दिवा लागतो. तो यंत्रवाल्याने बायकोसाठी बसवला होता, आणि सासूबाईंनी त्यावरून "आमच्याकडे पाहुणे येत नाहीत, वीज चमकते" असे विनोद केले होते. आता त्या दिवसभर त्या दिव्याकडे तोंड करून बसायच्या.

एक दिवस दिवा लागला तेव्हा त्यांनी सुनेकडे बघून बोट हलवलं. कोण? ही खूण त्यांना कोणी शिकवली नव्हती. तिरस्काराने का होईना, इतकी वर्षं पाहिलेली होती.

बायंडरणीने त्यांना शिकवलं. पाणी, चहा, दुखतंय, कोण, काय म्हणाला. का शिकवलं? सोय म्हणून. रोज पाणी विचारायला कोण ओरडणार, आणि तिला तर ओरडताही येत नाही. सासूबाईंची बोटं संधिवाताची, खुणा वाकड्या यायच्या, "पाणी" म्हणायला जायच्या आणि मिशी पुसल्यासारखं व्हायचं. एकदा दोघी त्यावर हसल्या होत्या. पण हसता हसता बायंडरणीला त्या हातांकडे बघून असंही वाटलं होतं, हेच ते. हेच हात लड चढवायचे. आता हे बोलायला लागलेत. बरं झालं. ज्याला बोलता येतं त्यालाच गप्प करता येतं.

रविवारी तिने खुर्च्या स्वतः मांडल्या. सासूबाईंची खुर्ची दिवाणाकडे पाठ करून. स्वतःची समोर, म्हणजे दिवाणावरच्या सगळ्यांची तोंडं तिला दिसतील अशी.

नणंद आली, दीर आला, जाऊ आली नाही, तिची कंबर धरली होती. मुलगा शेवटी आला आणि नेहमीसारखा दारातच टेकून उभा राहिला. त्याला बसायचं नसतं, त्याला निघायचं असतं. चहा झाला. मग बायंडरीण उठली, चादरींमागून लोकर काढली आणि सासूबाईंसमोर बसली.

सासूबाईंचा चेहरा खुलला. "अगो, लोकर! विणतेस की काय?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून आता त्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलतात. त्यांनी गुंडाळायला हात पुढे केला. तिने तो हात धरून सरळ केला, दुसरा सरळ केला आणि दोन्ही मनगटांवर लड चढवली. मग धाग्याचं टोक शोधून गुंडाळायला लागली.

पाठीमागे बोलणं सुरू झालं. नणंद बहिऱ्या वहिनीसमोर नेहमी तोंड असं फाडून बोलते की दाढ दाखवायला आली आहे असं वाटावं. एरवी त्याचा राग येतो, आज ते सोयीचं होतं.

"हे बघ, मी दोन महिने ठेवलं असतं," नणंद भावाला सांगत होती, "पण आमच्या जिन्याला कठडा नाही."

दिराचं बोलणं मिशीमागे. पायाखालची फळी मात्र हलली.

"जागा नाही कशी? मागची खोली आहे की. पोराला ठेवलं होतंस ती."

फळी पुन्हा हलली.

"वहिनीने किती करायचं? तिला स्वतःला ऐकू येत नाही. रात्री आई पडली तर कळायचं कोणाला?"

हे खरं होतं. खरं असलं की बरं पडतं. बायंडरणीने गुंडा फिरवला, मान डोलावली आणि सासूबाईंकडे बघून हसली. सासूबाईही हसल्या. मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं, कारण त्या मान वळवायला लागल्या. धागा ताणला गेला. तिने बोटाने नाही म्हटलं, धागा अडकेल.

"काय चाललंय गं त्यांचं?" सासूबाई ओरडल्या.

नणंदेने दिवाणावरूनच हवेत हात थोपटला. ते सासूबाईंना दिसणं शक्य नव्हतं. म्हणून बायंडरणीने गुंडा काखेत धरला आणि तोच हात त्यांच्यासमोर थोपटला. सावकाश. नंतर. नंतर सांगते.

सासूबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी आपल्या मनगटांकडे पाहिलं. लोकरीकडे पाहिलं. डोळे बारीक करून पुष्कळ वेळ पाहिलं, मोतीबिंदूतून रंग ओळखावा लागतो तसं. मग एकदम खालच्या आवाजात त्या काहीतरी बोलल्या. इतक्या खालच्या की दिवाणावर कोणाला ऐकू गेलं नसेल. तिने ओठ वाचले.

"राखाडीच होती ना?"

तिने मान हलवली. हो.

सासूबाईंनी हात खाली घेतले नाहीत. त्या तशाच बसल्या, लड धरून. एवढं मात्र त्यांचं मानायला हवं.

दारातून मुलगा पुढे आला. तो कधीपासून बघत होता तिला माहीत नाही. तिचे डोळे धाग्यावर होते. तो आजीजवळ वाकला आणि एका मनगटावरून, मग दुसऱ्या मनगटावरून लोकर काढून घेतली. बायंडरणीच्या हातातला गुंडा फिरायचा थांबला. झालं. दया आली त्याला. माझ्या हातांतली काढायला कोणी आलं नव्हतं, आणि हिच्या हातांतली काढायला माझाच मुलगा.

पण तो लोकर घेऊन तिथेच उभा राहिला. आजीची पाठ कोणाकडे आहे ते त्याने पाहिलं. आई कुठे बसली आहे ते पाहिलं. मग एका हातात लड धरून दुसरा हात त्याने खिशातून काढला. गंजलेला हात. खूण अर्धीच आली, लहान मुलाची असते तशी.

तुला माहीत नव्हतं?

तिने गुंडा मांडीवर ठेवला. दोन्ही हात मोकळे केले. कोणी सांगितलं नाही, तिने हातांनी म्हटलं. सगळे माझ्या पाठीमागे होते. ती हसली म्हणून मी हसले.

नणंदेचं तोंड उघडं, त्यातून काही येत नव्हतं. सासूबाई नातवाकडे बघत होत्या आणि त्यांचे मोकळे झालेले हात मांडीवरून थोडे वर आले. त्या काहीतरी विचारणार होत्या. कोण, किंवा काय म्हणाला. त्यांना तेवढंच येतं.

मुलाने आजीचा उजवा हात धरून सरळ केला. मग डावा. आणि लड परत चढवली. घाईने नाही. धागे एकसारखे बसवून, पीळ काढून. मग काकाकडे वळून काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ तिला नेहमीच चांगले वाचता येतात.

"चालू द्या तुमचं. शनिवारी आजीला न्यायचं म्हणालात ना? मागच्या खोलीतली खिडकी लागत नाही. पावसाचं आत येतं. बघून घ्या."

फळी हलली नाही.

बायंडरणीने गुंडाळायला घेतलं. धागा आता कुठे अडकत नव्हता. तिने तो शेवटपर्यंत गुंडाळला, कारण काम अर्धवट टाकायची तिला सवय नाही, आणि खोटं कशाला बोलायचं, तिला ते फार बरं वाटत होतं. पोटातून, ऊन चहा उतरावा तसं. लोकर संपली. सासूबाईंनी मोकळ्या हातांनी विचारलं, काय ठरलं? खूण अगदी बरोबर आली. पहिल्यांदाच.

तिने त्यांच्या गालावर हात फिरवला आणि चहा करायला आत गेली.

मंडळी गेली. मुलगा शेवटी निघाला. दारात थांबून त्याने आपल्याच गालावर बोट टेकवलं, खळी असते तिथे, आणि जिना उतरला. ती दारात उभी राहिली, खालचा दरवाजा लागल्याची धडक पायांना कळेपर्यंत.

परत आली तर सासूबाई दिव्याकडे तोंड करून बसल्या होत्या. दिवा लागलेला नव्हता. तरी त्यांनी बोट हलवलं. कोण? या घरात रोज तिला हाताने काही विचारणारं माणूस एवढं एकच होतं, आणि शनिवारपासून तेही नसणार, हे तिला कपबश्या विसळताना ध्यानात आलं. विसळणं थांबलं नाही.

मग तिने डायरी उघडली. कोण आलं, किती वाजता गेलं, नळाला नवा वॉशर लागणार, असं सगळं लिहिलं. थोरल्या सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे, झालं तेवढंच. शेवटची ओळ: रविवारपासून दुधाची एकच पिशवी, दूधवाल्याला लिहून दिलं.